मातकट कोटांचा बँड

देऊळघाट, तालुका बुलढाणा
जून १९६७

महादेवभाऊंना देऊळघाटहून फकीर मोहम्मद बँडमास्तरचा सलाम. शेजारी शालिग्राम बसला आहे, त्याचा नमस्कार. (शालिग्राम म्हणजे आमच्या बँडचा मोठा ढोल. तुम्हाला सांगायची गरज नाही, पण पत्र वहिनीही वाचतात म्हणून लिहिलं. त्याचं पोट ढोलाच्या मागे मावत नाही हेही वहिनींना माहीत असू द्या, पुढे त्याचं काम आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून दुखतो का? वहिनींचा खोकला गेला असेल अशी आशा आहे. नसेल गेला तर आमच्या घरच्या मालकिणीने, बिस्मिल्लाने, अडुळशाचा पाला वाळवून ठेवला आहे, कोणी पुण्याला जाणारं भेटलं की पाठवते. आम्ही सगळे खुशाल आहोत. तुम्हाला कागदावर "तुम्ही" लिहितो म्हणून हसू नका. समोर असता तर "काऊन बे महाद्या" म्हटलंच असतं, पण पुण्याच्या पत्त्यावर "बे" लिहायला हात धजत नाही.

तुमची कार्डं मिळाली, सगळीच मिळाली. प्रत्येकात एकच विचारणा की भाच्याने करून दिलेल्या नव्या छापेचं कसं चाललं आहे, लोक काय म्हणतात. मी उत्तर दिलं नाही. पोस्टमनने रस्त्यात थांबवून विचारलं की मास्तर, जबाब नाही का द्यायचा, तेव्हा मी त्याला सांगितलं की दौत सांडली. दौत सांडली नव्हती. लाज वाटत होती, आणि लाज वाटायचं कारण असं आहे की काय घडलं ते नीट सांगायचं तर सुरुवात तुमच्यापासून करावी लागते.

तुम्ही दिवाळीला गावी आला होता आणि आमच्या ओट्यावर बसून चहा पीत होता. त्या सुमारास खामगावकडचा एक बँड आमची कामं पळवत होता. त्यांच्याकडे बत्त्यांची झुंबरं होती, चाकाच्या गाडीवर बसवलेला बाजा होता. तुम्ही म्हणालात की फकीर, वाजवण्यात तू कमी नाहीस, पण तुझी छाप नाही, आता साबणालासुद्धा छाप असते. आमचा भाचा पुण्यात कमर्शियल आर्टचा स्टुडिओ चालवतो, त्याला भेट. तुम्ही एवढं बोलून शंकरपाळी खाल्ली आणि पुण्याला गेलात. मी मात्र रोज तेच घेऊन बसलो. बिस्मिल्ला म्हणाली, छाप नाही म्हणजे काय, आपल्या बोर्डावर दोन सिंह हायेत, मोर हाय, परी हाय, अजून काय पाह्यजे? तिचं म्हणणं खरं होतं. "न्यू अजमेरी ब्रास बँड, देऊळघाट" एवढं लिहून उरलेल्या जागेत पेंटरने जे जे त्याला येत होतं ते सगळं काढलेलं होतं. आणि कोट लाल. माझ्या वडिलांनी बँड काढला तेव्हापासून लाल. दर दोन वर्षांनी बिस्मिल्ला त्यांची उसवलेली जरी काढून पुन्हा शिवायची, आणि शिवताना कोणाच्या कोटाला कोणत्या बाजूला घाम जास्त येतो हे तिला ठाऊक असायचं.

तर मी आणि शालिग्राम पुण्याला गेलो. भाचेसाहेब पोरगा गुणी, हे आधीच लिहून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्याच्यावर रागवाल. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या, पंखा आमच्याकडे फिरवला आणि वही काढून विचारलं की तुमच्या बँडचं वेगळेपण काय. मी बराच विचार करून म्हटलं, आम्ही वेळेवर येतो. त्याने ते लिहिलं नाही. मग त्याने विचारलं की तुमच्या बँडचा स्वभाव कसा आहे. शालिग्राम म्हणाला, सनईवाला तापट हाय, बाकी सारे गरीब. भाचेसाहेबांनी वही मिटली आणि म्हणाले की असं नाही व्हायचं, मला तुमच्याकडे येऊन पाहावं लागेल. (आमचं बोलणं त्यांना निम्मं कळत होतं आणि त्यांचं आम्हाला. "जाऊन राह्यलो" म्हटलं की ते विचारायचे, कुठे राहिलात?)

ते खरंच देऊळघाटला आले. दोन दिवस राहिले, बिस्मिल्लाच्या हातची भाकर आणि ठेचा खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं तरी पुन्हा मागितला. आमच्या बकऱ्यांची फार सुंदर चित्रं काढली. मग मी बँड जमवून लाल कोट घालून त्यांच्यापुढे वाजवलं. ऐकून झाल्यावर ते कोटाकडे पाहात राहिले आणि फार हळू आवाजात, मला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाले, "मास्तर, हा कोट तुमचा नाही. हा इंग्रजांच्या शिपायाचा कोट आहे. ते गेले, आपलं राज्य आलं, महाराष्ट्र झाला, आणि तुम्ही अजून राणीच्या पलटणीचे कपडे घालून आपल्या लेकींची लग्नं वाजवता." महादेवभाऊ, मी कोट काढला आणि त्याची घडी केली. इतकी वर्षं मला वाटत होतं की हा वडिलांचा कोट आहे. तो राणीचा आहे हे कोणी सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, मग आमचा रंग कोणता? ते म्हणाले, मातीचा. तुम्ही या मातीतले, तुमचा सूर मातीतला.

हे ऐकून मला भरून आलं. बिस्मिल्ला चुलीपाशी होती, तिने भाकर जरा जोरात थापली. ती भाकर अशी थापते म्हणजे काय ते एवढ्या वर्षांच्या संसारात मला कळायला हवं होतं.

मग पुण्याहून सगळं तयार होऊन आलं. नाव लांब होतं म्हणून भाचेसाहेबांनी ते छाटून "नाद" एवढंच ठेवलं. नवा बोर्ड सगळा कोरा, आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात "नाद". मी पत्राने विचारलं की उरलेल्या जागेत काय काढायचं, तर उत्तर आलं की उरलेली जागा हेच चित्र आहे. गावात लोक थांबून बोर्ड वाचायचे आणि विचारायचे, "मास्तरले कायचा नाद लागला?" छातीवर लावायला पितळी बिल्ला आला. त्यावर गोल, गोलात उभी रेघ, वर आडवी रेघ आणि तिच्या दोन टोकांना दोन टिंबं. ती क्लॅरिनेट आणि तिच्यातून निघणारे दोन सूर होते असं सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं. चिठ्ठी नसती तर आम्ही तराजू समजलो असतो. वाद्यांनाही मातीच्या रंगाच्या खोळी आल्या, कारण प्रवासात बँड एकसारखा दिसला पाहिजे. आणि कोट. बंद गळ्याचे, जरी नाही, झालर नाही, मातकट. शालिग्रामने अंगात घातला, आरशात पाहिलं आणि म्हणाला, "मास्तर, हा तं खाकी हाय." मी त्याला रागावलो. म्हटलं, तुले कलेतलं काय समजते, हा मातकट हाय. खरं तर मी उर्दू जाणणारा माणूस. खाक म्हणजे माती आणि खाकचा जो रंग तो खाकी, हे शालिग्रामच्या आधी मला सुचायला पाहिजे होतं.

पहिलं काम आलं साखरखेर्ड्याचं, माघातलं लग्न. उकंडरावांची लेक. ठरवायला उकंडरावांचा साळा आला होता, बहिणीने मुद्दाम धाडलं म्हणाला. आता तुम्ही पुण्यात असता, सरकारी नोकरीत, तेव्हा पाहुण्यांवरचा हुकूम तुम्हाला ठाऊकच आहे. धान्याची टंचाई, म्हणून लग्नात ठराविक पानांच्या वर पंगत उठवायची नाही, उठवली तर पुरवठा खात्याचे लोक येऊन खटला करतात. तिकडे पुण्यात लोक चहावर लग्नं उरकत असतील. इकडे साऱ्या गावाला जेवू घातलं नाही तर लेकीला सासरी काय म्हणतील, म्हणून लोक चोरून पंगती घालत होते आणि रस्त्याकडे एक डोळा ठेवत होते.

त्या रस्त्यावरून आमचा ट्रक आला. भाचेसाहेबांच्या सूचनेप्रमाणे सगळे कोट चढवून, बिल्ले लावून, टोप्या सरळ करून, ओळीने उतरलो. हातात खोळी घातलेल्या वस्तू. (शालिग्रामच्या हातातली खोळ पाहून एका बाईने घरातली कणगी झाकली असं नंतर कळलं. तिला वाटलं, जप्तीचं पोतं.) मांडवापाशी गेलो तर मांडव रिकामा. मी शालिग्रामला म्हटलं, आपण पुन्हा वेळेच्या आधी आलो. तेवढ्यात उकंडराव हात जोडून पुढे आले. मी त्यांना आधी कधी पाहिलेलं नाही, त्यांनी मला नाही.

"या साहेब, बसा साहेब," असं ते म्हणाले. मला आयुष्यात लग्नघरी कोणी साहेब म्हटलेलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला भाचेसाहेबांची आठवण झाली आणि मनातल्या मनात मी त्यांना दुवा दिली.

"किती लोक हायेत?" मी विचारलं. (मिरवणुकीत माणूस किती त्यावर मी चाली ठरवतो, तुम्हाला माहीत आहे.)

"घरचेच हायेत साहेब. मोजकेच."

"मोजके? आमाले तं सांगतलं का सारं गाव जेवाले हाय म्हनून."

उकंडराव पांढरे पडले. "कोनं सांगतलं?"

"तुमच्या साळ्यानं. सोता देऊळघाटले आला होता."

त्यांनी मान वळवून घराकडे असं पाहिलं की साळा तिथे असता तर मला वाईट वाटलं असतं. (तो नवरदेवाकडच्यांना आणायला जानोशावर, म्हणजे त्यांच्या उतरायच्या जागी, गेला होता. उकंडराव अजून त्याच्याशी बोलत नाहीत. सगळं कळल्यावरही बोलत नाहीत. एकदा टाकलं ते टाकलं म्हणतात.) आम्ही सकाळपासून उपाशी, आणि बँडवाल्याला आधी जेवू घालायची रीत, म्हणून मी विचारलं की स्वयंपाक कुठे आहे. त्यांनी एक लहानसं पातेलं दाखवलं. मी म्हटलं, एवढ्यात तं आमचंच व्हनार नाही. यावर ते घरात गेले, तुपाचा भरलेला डबा घेऊन आले आणि माझ्या पायाशी ठेवून म्हणाले, "हे पोराबायाले घेऊन जा साहेब." मी खूश झालो, पण मागे सरलो. म्हटलं, "राहू द्या. आधी आमचं काम करू, मंग पाहू."

उकंडराव तिथेच जमिनीवर बसले. मी शालिग्रामला खूण केली आणि त्याने खोळ काढली. आतून ढोल निघाला. उकंडरावांनी ढोलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुमी बँडवाले?"

"हाव. नाद ब्रास बँड."

"कायचा नाद?" एवढंच ते म्हणाले, आणि डोक्याला हात लावला.

तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आम्ही ट्रकमधून उतरतो न उतरतो तोच गावभर बातमी गेली होती. बुंदीचे टोपले कडब्याच्या गंजीत खुपसले होते, कढी मागच्या दाराने ओतून दिली होती, आणि पंगतीला बसायला आलेली माणसं पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरात जाऊन लपली होती. सगळ्यात वाईट म्हणजे नवरदेवाचे वडील. ते सरळ स्वभावाचे, कायद्याला भिणारे. त्यांनी जानोशातूनच बैल जुंपले आणि नवरदेवासकट मेहकरच्या रस्त्याला लागले.

मुहूर्त जवळ आलेला, आणि नवरदेव गाडीत बसून घरी चाललेला. मी म्हटलं, चला, वाजवत जाऊ, वाजवलं म्हणजे लोक समजतील. तर वावरातल्या लोकांना बांधावरून खाकी कपडे येताना दिसले, आणि ते अजून आत सरकले. एक जण म्हणाला म्हणे, की या वेळी पोलीस बँड लावून आले आहेत. जितकं जोरात वाजवावं तितकी माणसं लांब. शेवटी शालिग्रामने कोट काढून बांधावर फेकला. मग मी काढला, मग सगळ्यांनी. बनियन कशी होती ते वहिनी वाचतात म्हणून लिहीत नाही. तसंच वाजवत पुढे गेलो तेव्हा पऱ्हाटीतून एक म्हातारा उभा राहिला, कपाळावर हात धरून त्याने पाहिलं आणि म्हणाला, "अरे, हा तं फकीर मास्तर हाय." मग झाडाझाडाच्या मागून माणसं निघाली. नवरदेवाच्या गाड्या तिथून कोसभर पुढे गाठल्या. नवरदेव आमच्याकडे पाहून हसला, त्याचे वडील नाही हसले.

लग्न गोरजावर लागलं. बुंदीत कडब्याची कुसं होती. ती वेचत वेचत लोक जेवले, कढीबद्दल कोणी विचारलं नाही. आम्ही बनियनवर वाजवलं, आणि मी सांगतो, चांगलं वाजवलं. नवरी वळून पाहायची आणि पुन्हा खाली पाहायची.

निघताना उकंडरावांच्या पत्नी मंजुळाबाई ट्रकपाशी आल्या. ताटात बुंदी, निवडून साफ केलेली. मी मान खाली घालून उभा होतो, बोलणी खायला तयार. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मास्तर, माह्या लग्नात तुमच्या वडलांनी वाजवलं होतं. मी लहान होती. त्या दिवसातलं मले दुसरं काही आठवत नाही, माह्या मालकाचं तोंडही मी दुसऱ्या दिवशी पाह्यलं. पन ते लाल कोट आठवतात. म्हनून भावाले तुमच्याकडं धाडलं होतं, का पोरीलेही तशी आठवन पाह्यजे म्हनून." एवढं बोलून त्यांनी ताट शालिग्रामच्या हातात दिलं आणि पदराने डोळे पुसत घरात गेल्या.

मला त्या दिवसापासून चैन नाही, महादेवभाऊ. कोट राणीचा असेल, भाचेसाहेब शिकलेले आहेत, ते खोटं बोलणार नाहीत. पण साखरखेर्ड्याच्या मंजुळाबाईला कुठली राणी ठाऊक? तिच्या लेखी तो तिच्या लग्नाचा कोट होता, आणि मी तो घडी करून ठेवून दिला. घरी येऊन पहिल्यांदा बिस्मिल्लाला म्हटलं की लाल कोट काढ. ती म्हणाली, आता कुठले कोट, मी गोधड्या शिवल्या. विचारलं, मला न विचारता? तर म्हणाली, तुम्ही मले इचारून उतरवले होते का? माझ्या अंगावर आता रात्रभर सगळा बँड असतो. सनईवाल्याची बाही तोंडावर येते.

हकिगत जिल्हाभर गेली. मला वाटलं, आता धंदा बुडाला. तर झालं उलटंच, आणि ते सांगताना मला जास्तच वाईट वाटतं. चिखलीच्या एका व्यापाऱ्याने बोलावलं. मी आनंदाने गेलो, नवी चाल बसवून गेलो. त्याने आम्हाला मांडवाच्या दारात दोन्हीकडे उभं केलं आणि म्हणाला, मास्तर, खोळी काढू नका. मी म्हटलं, वाजवायचं कधी? तो म्हणाला, वाजवायचं नाही, नुसतं उभं राहायचं. दुपारी पुरवठ्याची जीप आली. आतल्या माणसाने आमच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असेल की वरच्या कचेरीतले लोक आधीच आले आहेत. त्याने शालिग्रामला सलाम केला (पोटामुळे), शालिग्रामने मान हलवली, जीप गेली. आत सारं गाव जेवलं. तेव्हापासून बोलावणी थांबत नाहीत. संग्रामपूरपर्यंत जाऊन आलो. लोक आम्हाला सरकारी बँड म्हणतात. चांगलं खायला घालतात, मान देतात, आणि कोणीही वाजवू देत नाही. खामगावचा तो बँड आत वाजवतो आणि आम्ही दारात उभे असतो. परवा त्यांचा सूर चुकत होता, आणि मला खोळीवरूनच बोटं हलवत ऐकावं लागलं.

तुम्हाला छापेबद्दल विचारायचं होतं, ते हे असं आहे. छाप लागली. एवढी लागली की आता पुसत नाही. भाचेसाहेबांना यातलं काही सांगू नका, पोरगा मनाला लावून घेईल. गुडघ्याला तेल लावत जा. वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
फकीर मोहम्मद

ता.क. शालिग्राम म्हणतो, मास्तर, खरं काम लिहायचं राहिलं. पुढच्या हंगामाची बोलावणी आतापासून आली आहेत, एका जागी दोन्ही दारं सांभाळायची म्हणतात. तरी भाचेसाहेबांनी जिथून आणलं होतं तिथून त्याच मातकट कापडाचा एक तागा पाठवावा. रंग हुबेहूब तोच पाहिजे. जरा उजळ आला तर लोकांना कळेल की बँड आहे.

ता.क. भाचेसाहेबांनी त्यांच्या स्टुडिओत लावायला माझा अभिप्राय मागितला होता. तो असा द्यावा: "आपण दिलेल्या चिन्हामुळे आमच्या बँडला जिल्ह्यात जो मान मिळतो, तो दुसऱ्या कुठल्याही बँडला मिळत नाही." यात खोटं काही नाही.

ता.क. वरची दोन्ही कामं जमली नाहीत तरी चालेल. तुमच्या थोरलीचं यंदा ठरणार असं मागच्या कार्डात होतं. ठरलं तर आम्हाला पुण्याला बोलवा. भाड्याचं आमचं आम्ही पाहू, तुम्हाला काही पडू देणार नाही. कपडे तुम्ही म्हणाल ते घालू, नाहीतर साधे सदरे घालून येऊ. फक्त वाजवू द्या. तिकडे आम्हाला कोणी ओळखत नाही.